आमची बाग शिल्पकारांच्या नावानं: हवी की नको?

रंकाळ्याकाठचा

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर सहा गुंठ्यांची बाग आहे. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, कडेनं गुलमोहर, आणि एक बाक. बाकावर देणगीदाराच्या आईचं नाव ठळक, बसायला मात्र एकच फळी शिल्लक. गेल्या रविवारी रहिवाशांची बैठक झाली. विषय एकच, बागेला नाव द्यायचं. नेहमीची तीन-चार नावं आली. मी म्हटलं, कोल्हापूरच्या शिल्पकारांच्या नावानं करूया. सगळे गप्प. मग एकजण म्हणाले, "म्हणजे कुणाच्या?"

मी तिथंच परीक्षा घेतली. कावळा नाक्यावरची ताराराणी सगळ्यांनी पाहिलेली. पुण्या-मुंबईकडनं येणारा पाहुणा "ताराराणी दिसली, आलोच" असा फोन करतो. घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून झेपावलेला, अख्खा भार मागच्या दोन पायांवर. हा तोल साधला कुणी? अकरा जणांत एकानं उत्तर दिलं, रवींद्र मेस्त्री. मग विचारलं, शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा कुणाच्या हातचा? बाबूराव पेंटर हे नाव मीच सांगितलं, तर दोघं म्हणाले, "ते सिनेमावाले ना?" होय, तेच. घरी कॅमेरा बनवून चित्रपट काढणारे. त्या चौकात आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. 1942 च्या चळवळीत कोल्हापुरातल्या बायकांनी तो विद्रूप केला, आणि पुढं भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं 1945 मध्ये त्याच जागी महाराज उभे राहिले. मूर्ती घडवली बाबूरावांनी.

तिसरं बिंदू चौक. 9 डिसेंबर 1950 ला भाई माधवराव बागलांनी तिथं महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे बसवले. बाबासाहेब हयात असताना! ही गोष्ट आपण बाहेरगावच्या माणसाला छाती फुगवून सांगतो. बाळ चव्हाण हे शिल्पकाराचं नाव त्या गोष्टीत कधी येतं का?

माझा प्रस्ताव साधा आहे. फाटकावर 'शिल्पकार उद्यान', आत या तिघांचे अर्धपुतळे आणि खाली चार-चार ओळी. तुमचं मत काय?

तोंडपाटीलकी

अहो रंकाळ्याकाठचे, तुमचा हेतू सोन्यासारखा आहे. म्हणूनच आधी सांगतो, करू नका.

मी एका नगरपालिकेच्या उद्यान खात्यात 28 वर्षं काढली. बाग आणि स्मारक एका फाटकातून आत आलं की बाग मरते. आधी पुतळा, मग त्याला कठडा, मग कठड्याला कुलूप, मग किल्ली कुणाकडं यावरून दोन गट. जयंतीला पुतळा धुवायचा म्हणून आदल्या दिवशी टँकर येतो, तो गवत चिरडून जातो. झाडं वर्षभर कोरडी.

आणि अर्धपुतळे कशाचे करणार? ब्राँझचा खर्च कॉलनीला झेपायचा नाही. फायबरचा केला तर चार उन्हाळ्यांत रंग उडून पांढरा फटक. सिमेंटचा केला तर आतली सळी गंजते, फुगते आणि सिमेंट फोडून बाहेर येते. आमच्याकडं एक सिमेंटचा हत्ती होता, सोंडेवरून पोरं घसरायची. एके सकाळी सोंडेच्या टोकाला सळी उघडी पडलेली. मी पोत्याचं बारदान गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि दुरुस्तीचं पत्र वर पाठवलं. निवृत्त झालो तेव्हाही ते बारदान तिथंच होतं. फक्त एकदा नवं गुंडाळलं, तेही मीच.

नाद_खुळा

भावांनो, एक शंका. शिल्पकारांचे पुतळे करायला शिल्पकार कुठला आणायचा? आणि त्याचं नाव लिहायचं राहिलं तर त्याच्यासाठी शेजारी दुसरी बाग काढायची काय?

रंकाळ्याकाठचा

@नाद_खुळा, हसलो. पण उत्तर सुचलं नाही हे कबूल.

राजारामपुरीची_आक्का

माझा स्पष्ट विरोध. सहा गुंठ्यांत तुम्ही तीन चबुतरे उभे करणार. चबुतरा म्हणजे चारी बाजूंनी फरशी, आणि फरशी म्हणजे "इथं खेळू नका". माझा नातू साडेचार वर्षांचा आहे. त्याला घसरगुंडी पाहिजे आणि घसरगुंडीच्या पायथ्याला वाळू पाहिजे. वाळू गेली दोन वर्षं मागतोय आम्ही.

आणि कलावंतांच्या आठवणीचं म्हणाल तर आमच्या सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. नट म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण हातात चित्रकाराचा ब्रश होता त्यांच्या. राहतं घर आणि चित्रं, सगळं शासनाला देऊन टाकलं. रंकाळ्याकाठचे, तुमच्या बैठकीतल्या अकरा जणांना हेही विचारा, आत कधी पाऊल टाकलंय का. असलेलं बघायला फुरसत नाही आणि नवं कशाला बांधताय?

पीसमोल्ड

मी याच धंद्यात आहे. शिक्षण मूर्तिकलेचं, सध्या दुसऱ्यांच्या पुतळ्यांवर काम करतो, म्हणून नाव सांगत नाही. मीही विरोधातच. कारण वेगळं.

26 ऑगस्ट 2024 ला मालवणात राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा कोसळला. अनावरण 4 डिसेंबर 2023 चं, म्हणजे नऊ महिनेही झाले नव्हते. त्या दुपारी अख्ख्या महाराष्ट्राला एकदम एकच प्रश्न पडला, शिल्पकार कोण? अनावरणाच्या दिवशी तो किती जणांना पडला होता? आमचं नाव लोकांना पुतळा पडल्यावर लागतं. उभा असेपर्यंत कोनशिलेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, ठेकेदार. आम्ही असलोच तर मागच्या बाजूला, झेंडूच्या कुंडीआड, बोटभर अक्षरात.

म्हणून म्हणतो, बाग नको. जे पुतळे आहेत त्यांच्या दर्शनी बाजूला हातभर पाटी लावा. कुणाचा पुतळा, कुणी घडवला, कधी, कशात ओतला. तुमच्या फाटकाच्या कमानीच्या खर्चात शहरातल्या सगळ्या पुतळ्यांच्या पाट्या होतील.

आता काम कसं चालतं तेही सांगतो, कारण इथं सगळे 'घडवला' म्हणून मोकळे झालेत. आधी लोखंडी सांगाडा. त्याला तारेनं लाकडाच्या चिपा बांधून लोंबत्या सोडायच्या, म्हणजे मातीचं वजन खाली घसरत नाही. त्यावर माती थापायची. दहा फुटी पुतळ्याला टेम्पोभर माती सहज लागते. मातीचं काम झालं की कला संचालनालयाची मंजुरी घ्यायची, त्याशिवाय सार्वजनिक जागी पुतळा बसत नाही. पण त्याआधी पुतळा समिती येते बघायला. आठ जण, आठ सूचना. "मिशी जरा वर घ्या." "चेहऱ्यावर तेज पाहिजे." "शेजारच्या तालुक्यातला नऊ फुटाचा आहे, आपला दहाचा तरी करा." मग ते सल्लामसलत करायला जातात आणि दीड महिना येत नाहीत. तोवर माती वाळू द्यायची नाही. दिवसातून तीनदा पाणी फवारायचं, ओली फडकी गुंडाळायची, वर प्लॅस्टिक. एप्रिलमध्ये एक दिवस चुकलं की गळ्यापाशी चीर पडते. मी एका वर्षी बहिणीच्या हळदीतून उठून फडकी भिजवायला स्टुडिओत गेलोय.

मंजुरी आली की वरून प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, तुकड्यातुकड्यानं, म्हणजे नंतर सुटा करता येतो. साचा उघडताना आतला मातीचा पुतळा मोडतो. बोटांचे ठसे, नखानं ओढलेली पापणी, सगळं घमेल्यात. पुढं मेण, मग ब्राँझ, मग जोड, घासकाम, रंगछटा. चौकात उभा असतो तो त्या मूळ पुतळ्याचा नातू. मूळ पुतळ्याची माती भिजवून पुढच्या कामाला वापरतात.

हे सगळं ठाऊक असतं तर कमान आणि अर्धपुतळा सुचलाच नसता कुणाला.

कुंभारगल्ली

पीसमोल्ड भावा, चांगलं लिहिलंस. पण एक विचारतो, रंकाळ्याकाठच्या काकांनापण विचारतो. तुमच्या त्या बागेत आम्ही बसतोय काय?

आम्ही शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतले. आजा गणपती करायचा, बाप करतोय, मी करतोय. आमच्या आज्याच्या हातचा डोळा असा होता की उलट्या बाजूला उभं राहिलं तरी गणपती तुमच्याकडंच बघायलाय वाटायचं. त्याला कुणी शिल्पकार म्हटलं नाही. "कुंभाराचा म्हातारा" म्हणायचे.

2019 ला पंचगंगा गल्लीत आली. ऑगस्ट महिना, गणपती महिन्यावर आलेला, सगळा माल खाली. रात्रीत जेवढं माडीवर नेता आलं तेवढं नेलं. मोठ्या मूर्ती दोघांनी उचलायच्या नसतात, चौघं लागतात, आणि पाणी गुडघ्याला असलं की चौघांचा पाय एकदम पडत नाही. राहिल्या त्या राहिल्या. शाडूची मूर्ती पाण्यात पडत नाही भावा, बसते. आधी पाय विरघळतात, मग बसते. 2021 ला परत पाणी आलं. शिल्पकारांची बाग करायची तर हे कुणी लिहायचं?

पीसमोल्ड

दादा, पुराचं वाचून गलबललं. पण मूर्तिकार आणि शिल्पकार यात फरक आहे हे मान्य करावं लागेल. शिल्पकार एकच मूळ रचना करतो. गणपती एका साच्यातून पाचशे निघतात. दोन्ही कष्टाचं काम, दर्जा वेगळा.

कुंभारगल्ली

तुझा पुतळापण साच्यातनंच निघतो की. आत्ता वर तूच लिहिलायस.

नाद_खुळा

😂 नाद करायचा नाय!

पीसमोल्ड

बरोबर. शब्द मागे घेतो. 'दर्जा' हा शब्द तरी नक्कीच.

सदाशिवपेठी

कोल्हापूरच्या चर्चेत पुण्याचं नाक खुपसतो, माफी असावी. पण आमच्याकडच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा ज्यानं मनापासून पाहिला नाही, त्यानं पुतळ्यांवर बोलू नये असं माझं नम्र मत आहे. 1928 चा आहे, आणि कल्पना तुमच्याच शाहू महाराजांची, तेव्हा श्रेय अर्धं तुम्हालाही देतो. शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर. त्या घोड्याची चाल बघा. आजकालचे घोडे उधळतात तरी किंवा थिजतात तरी. तो चालतो.

मुद्दा असा की करमरकरांच्या गावी, अलिबागजवळ सासवन्याला, त्यांच्या घरीच त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. तिथं शिल्पकाराचं कौतुक करणारी भाषणबाज पाटी लागत नाही. 'मत्स्यगंधा'समोर उभे राहा, पुरे. अंगणात सिमेंटची म्हैस बसलेली आहे, आमच्या हिनं तिला खरंच वळसा घातला होता. शिल्पकाराचं स्मारक म्हणजे त्याचं शिल्प. त्याच्या चेहऱ्याचा अर्धपुतळा हा निव्वळ विनोद आहे.

तोंडपाटीलकी

सिमेंटची म्हैस टिकली कारण शेजारी घर आहे आणि घरात माणसं आहेत. तुमच्या सहा गुंठ्यांत रात्री कोण आहे?

राजारामपुरीची_आक्का

सदाशिवपेठी, म्हशीचं आवडलं. आमच्या नातवाला तीन गंभीर चेहऱ्यांपेक्षा एक म्हैस चालेल.

रंकाळ्याकाठचा

दोन दिवस गप्प बसून वाचत होतो. आता माझं सांगतो.

अर्धपुतळे मागे घेतले. नाद_खुळानं पहिल्याच दिवशी त्यातली हवा काढली होती, मला कळायला वेळ लागला. पीसमोल्ड यांचं पाट्यांचं म्हणणं सोळा आणे पटलं आणि त्यासाठी वेगळा अर्ज लिहायला घेतलाय. पण पाटी लावली म्हणून बाग नको, हे मात्र पटत नाही. पाटी वाचायला माणूस थांबावा लागतो. शिवाजी चौकात कोण थांबतं? चारी बाजूंनी रिक्षा. कावळा नाक्यावर तर ताराराणीकडं मान वर करून बघायला गेलं तर केएमटीची बस अंगावर येईल. बागेत माणूस आधीच थांबलेला असतो. पोर झोपाळ्यावर, आजी बाकावर, आणि पाऊण तास दुसरं काही काम नाही.

खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या आठवणीत कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. लहानपणापासून त्याच्याजवळनं जातोय. कालच लक्षात आलं की ज्यानं तो केला त्याला आपल्यापेक्षा जास्त समजत होतं. त्यानं माणसाचं हत्यार उभं केलं. कॅमेरा बघितला की पोरगं विचारतंच, "हे काय आहे?" अर्धपुतळा बघून कुठलं पोरगं विचारतं?

तसं आपणही करूया. कुंपणाच्या भिंतीवर, मुलाच्या छातीइतक्या उंचीवर, एकच हात चार टप्प्यांत. पहिला नुसता सांगाडा, तार आणि चिपा. दुसरा माती चढलेला, बोटांचे ठसे राहू दिलेले. तिसरा साचा, उघडा, म्हणजे आत खोलगट हात दिसेल. चौथा ओतलेला. हात लावायला परवानगी, नव्हे सक्ती. ओतकामाची आपल्याला कसली पंचाईत? अर्धं उद्यमनगर भट्ट्यांवर जगतं. आणि नावं भिंतीवर सगळ्यांची. मेस्त्री, पेंटर, चव्हाण, आणि कुंभार गल्लीतल्या ज्यांची ज्यांची घरची माणसं सांगतील त्यांची. 'कुंभाराचा म्हातारा' याचं नाव मला कळवा, खरं नाव.

पीसमोल्ड

दुसरा टप्पा मातीत ठेवता येणार नाही, पहिल्याच पावसात जाईल. तोही ओतूनच घ्यावा लागेल, ठशांसकट. साचा बाहेर ठेवायचा तर प्लॅस्टर चालणार नाही, तोही धातूत. म्हणजे चारही तुकडे ब्राँझ. पण हाताएवढे, तेव्हा आकडा आवाक्यात येतो. मजुरी घेणार नाही असं आत्ता लिहितोय, बायकोनं वाचलं तर बदलीन.

बागेला विरोध अजून आहे. हाताला नाही.

तोंडपाटीलकी

ब्राँझ हाताएवढं? पहिल्या महिन्यात भंगारवाल्याकडं. मी नळाच्या पितळी तोट्या जाताना पाहिल्यात, जाळीचं झाकण जाताना पाहिलंय, एकदा अख्खं फाटक गेलं. हात तर स्वतःच जायला तयार.

पीसमोल्ड

काका, हाताच्या मागनं सळई काढून ती भिंतीत वीतभर आत सोडून काँक्रीट भरता येतं. भिंत फोडल्याशिवाय निघत नाही.

तोंडपाटीलकी

मग भिंत फोडतील. पण बरं, फोडायला वेळ लागेल हे मानतो.

राजारामपुरीची_आक्का

भिंतीवर असेल तर फरशी लागत नाही. मग माझी एकच अट, आधी वाळू.

आणि एक सुचवते. ब्राँझ होईल तेव्हा होईल. पोरांना माती द्या की. रविवारी तासभर. मातीला हात लावलेल्या पोराला शिल्पकार म्हणजे काय ते भिंतीपेक्षा लवकर कळेल. आमचा नातू घरी कणकेचे गणपती करतो, सोंड पडली की रडतो.

कुंभारगल्ली

माती मी देतो. दिवाळीनंतर गल्लीत काम कमी असतंय, शाडूचं पोतं टाकून जाईन. सोंड पडू नये म्हणून आत काडी घालायची असते आक्का, त्याला दाखवीन.

आज्याचं नाव घरात विचारून सांगतो. आम्ही सगळे तात्याच म्हणायचो.

तोंडपाटीलकी

माती आली, पोरं आली. हात कुठं धुणार? त्या बागेतल्या नळाला पाणी सकाळी सहा ते सात असतं, मी काल संध्याकाळी मुद्दाम जाऊन बघून आलो. कोरडा. तोटी मात्र अजून जागेवर आहे.